ताराबाईच्या कंबरेचा इलाज

माझी थोरली जाऊ ताराबाई. तिच्या कंबरेले मी इतकं तेल चोळलं, इतकं चोळलं की तेवढ्या तेलात आमच्या वडगावातले दिवे वर्षभर जळले असते. मोहाच्या टोळंबीचं, म्हंजे बियाचं तेल, तेबी मीच घान्यावरून काढून आनलेलं. अन् ही बया पालथी पडून, "हाय वं माय, जरा खाली... हं, तिथीच, तिथीच" करत राहे. मी घामानं निथळून जावो अन् ती घोरून राहे. अन् तिची कंबर कशी? माझ्याहून धड! हे मले कवा समजलं अन् कसं समजलं, तेच सांगते. तुमाले तिचा राग येईल तं येऊ द्या. मलेबी आला होता, अन् मी तो गिळला नाही.

आमचं वडगाव बाजारहत्नूरच्या अलीकडं. तवा आंध्र प्रदेशच होता, तेलंगना वेगळा व्हाले लय टाइम होता. ताराबाईचा नवरा म्हंजे माझा भासरा, देवाजी गुरुजी. मराठी शाळेत मास्तर. आमच्या वस्तीतला पहिला पगारी मानूस. बापानं दुसऱ्याच्या वावरात सालगडी राहून जन्म काढला, अन् ह्या मानसानं इस्त्रीचा सदरा घातला, म्हनून वस्तीत त्याचा शब्द म्हंजे शब्द. मानूस चांगला, खोटं काऊन बोलू? पन भाषन! चौदा एप्रिलले जयंतीच्या मंडपात उभा राह्यला की पुस्तकातल्या मराठीत सुरू होये. "बंधू-भगिनींनो, हॉटेलात बसून जिभेचे चोचले पुरवणारा समाज कधीच पुढे जात नाही. सिनेमा, जत्रा, उनाड भटकंती, हे सगळं सोडा आणि तोच पैसा लेकरांच्या पाटी-पुस्तकाला लावा."

माझा नवरा भिवाजी सख्खा लहान भाऊ. तो समोर मांडी घालून बसे. एकदा बाजारहत्नूरच्या आठवडी बाजारात त्यानं मिरचीभजे खाल्ले होते, अन् गुरुजी नेमके त्याच्याकडं पाहून हे बोलले. झालं! त्या दिवसापासून माझा मानूस भज्याच्या गाड्यापासून मान वळवून जाये. मिरचीचा वास आला तरी नाक दाबे. असा भोळा.

अन् मले तं भासऱ्यासमोर तोंड उघडाची सोयच नव्हती. आमच्याकडं लहान्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासोबत बोलाचं नाही, डोक्यावरचा पदर पडू द्याचा नाही. मले काई सांगाचं असलं तं मी बकरीले सांगो, अन् गुरुजी ऐकत. लय वर्ष असंच चाललं. बकऱ्या बदलल्या, रीत नाही बदलली.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाही तं पुढचं समजनार नाही. आमी बौद्ध. माझ्या सासऱ्यानं देव्हारा उचलला अन् नाल्यात सोडून आला. देव गेले ते बरंच झालं, त्यांच्यापायी किती कोंबडे गेले होते! पन जाता जाता ते एक गोष्ट घेऊन गेले. फिराचं निमित्त! पाटलाच्या गल्लीतल्या रुक्माबाईले पाय मोकळे करावेसे वाटले की तिले लगेच बासरच्या देवीचा नवस आठवे. नवरा बैलगाडी जुंपे, ती टोपलीत पुरनपोळ्या बांधे, अन् चार दिवस गोदावरीच्या काठी मजा मारून दोघं वापस येत. गाव वरून पाया पडे. आमी कोनाचा नवस सांगाचा? दसऱ्याले नागपूरले जातो ते खरं, पन ट्रकात सारी वस्ती असते. नवरा एका कोपऱ्यात, बायको दुसऱ्या कोपऱ्यात, अन् मधात दुसऱ्याचे लेकरं आपल्या अंगावर ओकून राहतात. नवरा-बायकोनं दोघंच दोघं, उगीच्या उगी कोठी गेले तं आमच्याकडं लोक म्हनत, "काऊन? काय झालं? दवाखान्यात चालले का?"

गुरुजी अन् ताराबाईनं तोच दवाखान्याचा शब्द पकडला.

म्हंजे सुरुवात खरी होती. एका साली कापूस वेचता वेचता ताराबाईची कंबर धरली. खरंच धरली. खाटेवरून उतरता येईना. गुरुजीनं उगादीची, म्हंजे पाडव्याची सुट्टी पाहून तिले मंचेरियलले नेलं. तिथी कोनी कंबरेचा डाक्टर होता. त्यानं दाबून पाह्यलं, गोळ्या देल्या अन् सांगतलं की काई झालं नाही, बाईले चार दिवस आराम करू द्या. आता गाडी दुसऱ्या दिवशी, अन् अख्खा दिवस हातात. दोघांनी स्टेशनासमोरच्या हॉटेलात डोसा खाल्ला. कोळशाची मालगाडी पाह्यली. गोदावरीवर जाऊन पान्यात पाय सोडून बसले. वापस आली तं ताराबाईची कंबरच काय, चालच बदलली होती. दुसऱ्या साली पळस फुलला, मोह गळाले लागला, अन् हिची कंबर पुन्हा धरली. तिसऱ्या साली पुन्हा. दर साली उगादी आली की कंबर, कंबर आली की मंचेरियल. हे सारं मले मागून समजलं. तवा मले एवढंच ठावं होतं की माझ्या जावेचा मनका खराब हाय अन् गुरुजीवानी जीव लावनारा नवरा शोधून सापडनार नाही. मी भिवाजीले टोमने मारो, "पाहा, पाहा, बायकोचा इलाज कसा करतात ते!"

त्यांची एकच पोरगी, विशाखा. ते गेले की ती माझ्याकडं राहे. संध्याकाळी बस याच्या टाइमले रस्त्यावर जाऊन उभी राहे, अन् बस खाली गेली की माझ्या पदरात तोंड घालून रडे. "काकू, माय मरनार तं नाही नं वं?" मी म्हनो, "नाही वं माये, मनक्यानं कोनी मरत नाही." पन मलेच पक्कं ठावं नव्हतं. ती जराशी मोठी झाली तसा तिनं हापशीवरून पानी आनाचा नेमच केला. मायच्या कंबरेले जोर पडू नये म्हनून. डोक्यावर हंडा, कंबरेवर पितळेची गुंडी, शाळेच्या आधी अन् शाळेच्या मागून. शिकली, मास्तरीनचं ट्रेनिंग झालं, तरी मायले हंड्याले हात लावू देल्ला नाही. अन् ताराबाईनं तिले भरू देल्लं, हे मी आजबी विसरली नाही.

विशाखाले किनवटचं स्थळ आलं. आलं म्हंजे काय, किनवटच्या जयंतीत एका स्टेजवर दोघांनी वंदना म्हटली अन् तिथीच त्यांचं काय ते जुळलं. पोरगा सिंचन खात्यात कारकून, शांत, हुंडा नको म्हननारा. विशाखा कोनाले काई बोलली नाही, पन किनवटची बस आली की हंडा भरून सांडला तरी तिले समजे ना. तिच्या मनात तोच होता. हे लग्न मोडलं असतं तं पोरगी आतून मोडली असती, हे मी डोळ्यानं पाहून राह्यली होती.

पोराची माय चंद्रभागाबाई. विधवा बाई, आवाज असा की विहिरीच्या तळातून ऐकू यावा. उगादीच्या आदल्या दिवशी ती पोरगी पाहाले आली. चहा झाला, चिवडा झाला, सारं जमून आलं होतं. तेवढ्यात विशाखा दारातून हंडा घेऊन गेली.

चंद्रभागाबाई म्हने, "पाहुने घरात असून पोट्टी पानी काऊन भरून राह्यली? मायले काय झालं?"

आता मी तिथी बसली होती. जावेची बाजू घेनं माझं काम होतं. मी म्हटलं, "अवं विहीनबाई, बाईची कंबर लय खराब हाय. मनकाच सरकला. मी रोज तेल चोळते तवा कुठी उठते. दर साली मंचेरियलच्या डाक्टरकडं न्या लागते. यंदाबी न्याचं हाय." अन् जरा वजन पडावं म्हनून म्हटलं, "कदी कदी तं पाय उचलत नाही बिचारी." मी काय खोटं बोलली? मले जे ठावं होतं ते सांगतलं.

चंद्रभागाबाईनं कप खाली ठेवला. "थोरल्या सुनेचा दमा आमच्यापासून असाच लपवला होता," ती म्हने. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात समजलं. आता ती बसल्या जागी धापा टाकते अन् चुलीसमोर मी असते. एकदा फसली, दुसऱ्या खेपेले फसनार नाही. मायचा आजार पोरीत उतरते का, हे मी डाक्टरच्या तोंडून ऐकीन. तुमी जानारच हा नं? मीबी येते. डाक्टर बरं म्हनला तं तिथीच साखर वाटू. नाही तं जयभीम."

गुरुजीचं तोंड पाहाजोगं झालं. म्हनाले, "तसं नाही, डॉक्टर... डॉक्टर उगादीला सुट्टीवर असतात."

मी पदर सावरला अन् दारातल्या बकरीले म्हटलं, "काय वं, दर साली तं उगादीलेच जातात. मंग सुट्टी कशी?"

बकरी रवंथ करत राह्यली. गुरुजी चिवडा चावत राह्यले. ताराबाईनं माझ्याकडं असं पाह्यलं की जशी मीच तिची कंबर मोडली. मले समजे ना की मी गुन्हा काय केला.

सकाळी पाच जन निघालो. गुरुजी, ताराबाई, विशाखा, चंद्रभागाबाई अन् मी. मले न्याचं कोनी म्हनलं नव्हतं, पन जावेले उठता-बसता आधार कोन देईल, म्हनून मी आपली तेलाची बाटली घेऊन बसमध्ये चढली. रस्त्यानं दोन्ही बाजूनं पळस फुलला होता, सारं जंगल लाल. ताराबाई खिडकीत बसली अन् इच्चोडा येईपर्यंत कन्हली. इच्चोड्याच्या पुढं ती कन्हनं विसरली.

निर्मळले बस बदलाची होती. स्टँडाजवळ एक हॉटेल, गल्ल्यावर एक दाढीवाले चाचा. आमी दारात पाय ठेवला नाही तं चाचा उठून उभे राह्यले. "आओ मास्टरसाब, आओ अम्मा! इस साल देर कर दिये? अरे, अम्मा को मलई की चाय, मास्टरसाब को उस्मानिया बिस्कुट!" अन् गुरुजीच्या कानाजवळ येऊन, पन साऱ्यांले ऐकू येईल असे बोलले, "इस बार पिच्चर कौनसा देख रहे? पिछले साल तो एक ही पिच्चर दो बार देखे आप!"

गुरुजीले ठसका लागला. चंद्रभागाबाईकडं पाहून म्हनाले, "हे... हे एका विद्यार्थ्याचे वडील आहेत."

चाचा म्हने, "मेरे को तो चारों बेटियाँच हैं मास्टरसाब, सब हैदराबाद में."

चंद्रभागाबाईनं मलईचा चहा बशीत ओतला अन् गुरुजीकडं पाहत पाहत प्याली. मी माझ्या नवऱ्याचा विचार करून राह्यली होती. तो बिचारा भज्यापासून नाक दाबून जाये, अन् हा मानूस इथी एकच पिच्चर दोनदा! माझ्या हातातली तेलाची बाटली मले जड झाली.

निर्मळची बस कडेमपर्यंतच होती. मंचेरियलची दुसरी बस याले टाइम होता. समोर धरन दिसत होतं. चंद्रभागाबाई म्हने, "आलोच हाओ तं धरन पाहून येऊ. पन बाई, तुमाले चढनं जमनार नाही, तुमी इथी बसा." ताराबाई "हो, हो" म्हने अन् बसलीबी. पन वरून वारा आला, पान्याचा वास आला, अन् मायबाई! ती उठली. पायऱ्या अशी चढून गेली की आमी चौघं खाली अन् तिचा पदर वर उडून राह्यला. मी अर्ध्यावर धापा टाकत उभी. विशाखा माझ्याजवळ थांबली. ती मायकडं पाहून राह्यली होती, अन् तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, "चाल वं," पन ती हालेच ना.

वर गेलो तं तिथला चौकीदार गुरुजीले सलाम ठोकून उभा. "क्या मास्टरसाब, आज गाना नहीं गाते? अम्मा के वास्ते?"

गाना! ज्या मानसानं शाळेत प्रार्थनेबिगर कदी सूर लावला नाही, तो मानूस कडेमच्या धरनावर कठड्याले टेकून बायकोसाठी गाने म्हने! माझं डोकंच फिरलं. रीत गेली चुलीत. मी पदर मागं टाकला अन् सरळ भासऱ्याच्या तोंडाकडं पाहून म्हटलं, "गुरुजी, हा मनक्याचा इलाज हाय का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलली होती. बिचारे इतके दचकले की हातातली छत्रीच खाली पडली.

चंद्रभागाबाई म्हने, "कंबर लय लवकर बरी झाली. अजून तं डाक्टरनं हातबी नाही लावला."

"प्रवासाचा परिणाम असेल," गुरुजी म्हनाले. मानूस बुडाला तरी भाषन सोडे ना.

मंचेरियलच्या बसमध्ये बसलो. ताराबाईनं मधात एकदा कंबरेवर हात ठेवून पाह्यला, पन मी अशी डोळे वटारून पाह्यली की तिनं हात काढून घेतला. विशाखा पुढच्या सीटवर एकटी बसली होती. बस जंगलातून चालली होती, सागवानच सागवान, अन् मी मनातल्या मनात तेलाचा एकेक थेंब मोजून राह्यली होती.

उतरल्या उतरल्या चंद्रभागाबाई म्हने, "चाला डाक्टरकडं."

गुरुजीनं आमाले एका गल्लीत नेलं, मंग दुसऱ्या गल्लीत, मंग पुन्हा पहिल्याच गल्लीत. शेवटी एका दुकानासमोर थांबले. चपलांचं दुकान. चंद्रभागाबाईनं दुकानदाराले विचारलं, "डाक्टर कोठी?" त्यानं सांगतलं की डाक्टर कवाचाच वरंगलले गेला, इथी त्याच्या मागून एक शिंपी होता, मंग रेडिओवाला, अन् आता तो स्वतः. चप्पल पाहिजे का, म्हने.

आता काय बोलाचं? गुरुजी घामानं ओले. म्हनाले, "वास्तविक पाहता..."

"पुरं झालं," ताराबाई म्हने. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "चाला साऱ्या जनी. डाक्टर दाखवते."

अन् तिनं आमाले स्टेशनासमोरच्या हॉटेलात नेलं. लाकडाचे बाक, भिंतीले धूर. तव्यावरचा मानूस तिले पाहून हसला अन् विचारल्याबिगर म्हने, "अम्मा, रेंडु मसाला दोसा, ओक वडा, अंतेना?" म्हंजे नेहमीचेच दोन डोसे, एक वडा, एवढंच नं? तिनं हाताचा पंजा दाखवला. पाच डोसे. मंग ती चंद्रभागाबाईसमोर बसली अन् सारं सांगतलं. पहिल्या सालची कंबर, मंग दुसऱ्या सालची कंबर जी नव्हतीच, गोदावरी, धरन, पिच्चर, हा डोसा. काई लपवलं नाही. गुरुजी खाली मान घालून सांबारात पाहून राह्यले होते.

चंद्रभागाबाईनं सारं ऐकून घेतलं अन् म्हने, "खोटं."

"आता खरं सांगून राह्यली बाई!"

"खोटं! ना देव, ना लग्न, ना मयत, अन् नवरा-बायको नुसते डोसा खायाले एवढ्या दूर येतात? मले येडी समजता का? काय आजार हाय ते सांगा. मी मन घट्ट करून बसली हाओ."

मले हसू आलं. मायशप्पथ, त्या रागातबी आलं. बाईले आजारावर इश्वास बसे, पन डोशावर बसे ना!

पन विशाखा उभी राह्यली. तिच्यापुढचा डोसा तसाच होता. "माय," ती म्हने, "मी बस याच्या टाइमले रस्त्यावर उभी राहून रडे. मले वाटे तू मरून राह्यली. मी तुले हंडा उचलू नाही देल्ला. माझे केस गेले माय हंड्याखाली, अन् तू इथी डोसे खाऊन राह्यली होती! धरनावर गाने ऐकून राह्यली होती!"

तव्यावरच्या मानसानं उलथनं हातातच धरून ठेवलं.

ताराबाई रडली. तिले रडताना मी पहिल्यांदाच पाह्यलं, कंबर धरली तवाबी कन्हे, पन रडे नाही. "चुकली माये," ती म्हने. "पानी भरू देल्लं ते माझं चुकलंच. दर साली वाटे आता सांगू, आता सांगू. पन सांगतलं असतं तं हे बंद झालं असतं. गावात तुझे बाबा गुरुजी असतात, अन् मी गुरुजीची बायको. वस्तीत नवऱ्यानं बायकोशी हसून दोन शब्द बोलले तं लोक त्याले बाइल्या म्हनतात. घरात पाहुने, दारात कोनाचा अर्ज लिहाचा, कोनाच्या पोराची फी. वर्षभर हा मानूस मले मिळत नाही वं पोरी. इथी मिळते. तेवढ्यासाठी खोटं बोलली."

"मंग मले एकटीले सांगाचं होतं."

"तू काकूले सांगतलं असतं. अन् काकूनं गावाले."

हे मले झोंबलं. खरं होतं म्हनून जास्त झोंबलं. मी म्हटलं, "अन् तेल? तेल तं बंद कराचं होतं! मरमर चोळलं मी!"

ताराबाईनं नाक पुसलं. "तेल चांगलं लागे वं सखू," ती म्हने. "खोटं काऊन सांगू?"

आता अशा बाईचं काय कराचं, तुमीच सांगा.

गुरुजीनं मान वर केली. पहिल्यांदाच साध्या मराठीत बोलले, आमच्या मराठीत. "विशाखा, दोष माझा हाय. मले लाज वाटे. लोकाले हॉटेलात जाऊ नका म्हनलो, अन् मंग कोन्या तोंडानं सांगू? भिवाजीचे भजेबी मीच बंद केले." ते माझ्याकडं पाहून बोलले, अन् मी पदर घेतला नाही.

विशाखानं डोळे पुसले. मले वाटलं आता बसेल, डोसा खाईल, सारं निपटलं. पन ती चंद्रभागाबाईकडं वळली. पोरगी स्वतःच्या हातानं लग्न मोडते की काय!

"मावशी," ती म्हने, "माझ्या मायले काई आजार नाही. अन् मले तुमच्या घरी यावं वाटते, हे तुमालेबी ठावं हाय. पन एक गोष्ट आताच सांगते. लग्नानंतर मीबी फिराले जाईन. तुमच्या पोरासोबत, दोघंच. पन दवाखान्याचं नाव घेनार नाही. कंबर नाही, डोकं नाही, काईच दुखनार नाही. फिराले चालली म्हनून तुमाले तोंडावर सांगीन अन् जाईन. चालत असंल तं हो म्हना. नाही तं जयभीम."

मी हात जोडून चंद्रभागाबाईकडं पाहून राह्यली होती. ताराबाईनं माझा हात धरला होता, इतका घट्ट की बांगडी रुतली. चंद्रभागाबाईनं डोशाचा तुकडा तोडला, चटनीत बुडवला, तोंडात टाकला, चावला. मंग दुसरा तुकडा. तिच्या डोळ्यातून पानी गालावर आलं अन् ती खातच राह्यली.

"माझा मानूस होता तवा," ती म्हने, "मले हे सुचलंच नाही."

ताराबाईनं माझा हात सोडला.

"कापसाच्या गाडीवर बसून एकदा भैंशा गावाले गेला होता तो जिनिंगवर. म्हने, तूबी चाल, बजार पाहू. मी म्हटलं, मले काय काम तिथी? अन् घरीच राह्यली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जाजो पोरी. मले सांगून जाजो, की न सांगता जाजो, पन जाजो. अन् कोनी इचारलं तं मी पाहून घेईन." मंग तव्याकडं पाहून तिनं एक बोट दाखवलं. तिले अजून एक डोसा पाहिजे होता.

साखर तिथीच वाटली. हॉटेलातलीच साखर, चहाच्या बरनीतली. तव्यावरच्या मानसालेबी देल्ली. विशाखानं मायच्या हातून घेतली, पन त्या दिवशी ती मायशी जास्त बोलली नाही. घरी आल्यावर तिनं हंडा मायच्या हातात देल्ला अन् म्हने, "जाय, भर." ताराबाई मुकाट्यानं हापशीवर गेली. सारी वस्ती दारात उभी राहून पाहे, अन् गुरुजी तिच्या मागं गुंडी घेऊन.

मी माझ्या घरी आली. भिवाजी खाटेवर बसून सुतळी वळून राह्यला होता. तीच बनियन, तीच विडी, मले पाहून काई इचारलंबी नाही. मी बराच टाइम त्याच्याकडं पाहून राह्यली. हा मानूस मले कामाबिगर किती भेटला, हे आठवून पाह्यलं अन् आठवे ना.

मी म्हटलं, "उठा. धोतर बदला. बाजारहत्नूरले जाऊ."

तो घाबरून उठलाच. हातातली सुतळी खाली पडली. म्हने, "काऊन? कोन मेलं?"

मी म्हटलं, "कोनीच नाही मेलं अजून. म्हनूनच चाला."